मैदान झाडणारा मुलगा

माझे वडील कल्याणच्या बाजारात हमाली करतात. रविवारी सुभाष मैदानावरून धुळीने माखून घरी आलो की, या खेळाने पोट भरणार आहे का, हा त्यांचा प्रश्न ठरलेला. घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, म्हणून त्यांची काळजी मला समजते. उत्तर शोधता शोधता मी बाळू पालवणकर यांच्या चरित्रापाशी आलो. तेही माझ्यासारखेच डावखुरे फिरकी गोलंदाज.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडला, चर्मकार कुटुंबात झाला. पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात मैदान झाडण्याचे व रूळ फिरवण्याचे काम त्यांना दरमहा 3 रुपयांवर मिळाले. पुढे युरोपियनांच्या क्लबात पगार 4 रुपये झाला. तेथे साहेबांना सरावासाठी चेंडू टाकता टाकता त्यांचा हात तयार झाला. बॅट मात्र त्यांना कोणी दिली नाही.

पुण्याच्या हिंदू संघाला बळी मिळवून देणारा गोलंदाज हवा होता, म्हणून बाळूंना संघात घेतले गेले. त्यांनी टाकलेला चेंडू सर्वांना चाले, पण चहा त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही वेगळे असे. मुंबईत आल्यावर त्यांना रेल्वेत नोकरी मिळाली. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्या संघात ते व त्यांचे बंधू शिवराम होते. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. एवढे करूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते 1923 साली धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले, आणि तेही 1920 साली या भावांनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतल्यानंतर. बाळू 1955 साली वारले.

खेळाने बाळूंना रोजगार दिला, नाव दिले. मान मात्र भांडून मिळवावा लागला. रेल्वेत खेळाडूंसाठी आजही काही जागा असतात, पण त्या थोड्या, आणि मैदानावर आम्ही पुष्कळ. म्हणून चेंडू हातात ठेवूनही मी पदवी सोडणार नाही.

परवा वडिलांना ही हकीकत सांगितली. सामन्यांविषयी त्यांनी काही विचारले नाही. त्या मातीच्या भांड्याविषयी मात्र पुन्हा सांगायला लावले.