एडगर कॉड : टेबलांमागचा माणूस

फायनल इयर सुरू झालं की हॉस्टेलच्या प्रत्येक विंगमध्ये रात्री उशिरापर्यंत एकच वाद रंगतो. प्रोजेक्टची वेबसाइट पीएचपीत करायची की जावात? डेटाबेस मायएसक्यूएल घ्यायचा, पोस्टग्रेस की मोंगोडीबी? आमच्या ग्रुपनेही मेसच्या वेबसाइटसाठी या वादात एक अख्खा आठवडा घालवला. शेवटी सरांनी एक कोरा कागद पुढे सरकवला आणि आधी त्यावर टेबलं काढायला सांगितली. ती काढताना एका माणसाची नव्याने ओळख झाली. डीबीएमएसच्या पेपरपुरतंच ज्याचं नाव आपण पाठ करतो, तो एडगर कॉड.

कॉड यांचा जन्म १९२३ सालचा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पोर्टलंडचा. सात भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील चामड्याच्या धंद्यात, आई शिक्षिका. ऑक्सफर्डला रसायनशास्त्र शिकायला गेले, तेव्हा दुसरं महायुद्ध चालूच होतं. कॉड हवाई दलात वैमानिक झाले. युद्धानंतर परत येऊन गणित घेतलं आणि १९४८ साली अमेरिका गाठली. तिथे पहिली नोकरी कसली, तर न्यूयॉर्कच्या मेसीज या दुकानात पुरुषांचे कपडे विकण्याची! मग सहा महिने टेनेसी विद्यापीठात गणित शिकवलं आणि १९४९ मध्ये आयबीएममध्ये प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले.

स्वभाव मात्र सरळसोट नव्हता. अमेरिकेत सिनेटर मॅकार्थी यांनी संशयाचं रान उठवलं, तेव्हा ते न पटल्याने १९५३ मध्ये कॉड सरळ कॅनडात निघून गेले. चार वर्षांनी आयबीएममध्ये परतले. चाळिशीत मिशिगन विद्यापीठातून पीएचडी केली आणि १९६८ च्या सुमारास कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत आले.

त्या काळी डेटाबेस म्हणजे काय प्रकार होता? आयबीएमचंच आयएमएस तेव्हा जोरात होतं. त्यात माहिती झाडासारखी ठेवत. आपल्या मेसचंच उदाहरण घ्या. वर खोली, खोलीखाली विद्यार्थी आणि विद्यार्थ्याखाली त्याचे खाडे. एखाद्या खोलीतल्या पोरांचे खाडे हवेत तर काम झटपट. पण कालच्या तारखेला कोणाकोणाचा खाडा होता असं विचारलं, की प्रोग्रॅमला प्रत्येक खोलीचं दार ठोठावत फिरावं लागणार. आणि उद्या कोणी झाडाची रचनाच बदलली, तर लिहिलेले प्रोग्रॅम गेले कामातून.

कॉड यांना हेच खटकत होतं. जून १९७० मध्ये त्यांचा प्रसिद्ध पेपर छापून आला. त्यात सुटे भाग आणि प्रकल्प यांची एकच माहिती पाच वेगवेगळ्या पद्धतीने रचून त्यांनी दाखवलं, की एका रचनेसाठी लिहिलेला प्रोग्रॅम बाकीच्यांपैकी किमान तीन रचनांवर चालत नाही. त्यांचा उपाय म्हणजे माहिती साध्या टेबलांत ठेवा आणि टेबलं किमतींनी जोडा. म्हणजे खाड्याच्या टेबलात विद्यार्थ्याचा रोल नंबर लिहिला की झालं. काय हवं ते वापरणाऱ्याने सांगावं, कसं शोधायचं ते यंत्रणेने बघावं. ही सगळी मांडणी गणिताच्या संच-सिद्धांतावर उभी होती.

पण स्वतःच्याच कंपनीचं चालतं उत्पादन समोर असताना ही कल्पना पटकन कोण स्वीकारणार? बाहेरही विरोध होताच. १९७४ मध्ये चार्ल्स बाखमन या तेवढ्याच तोलाच्या तज्ज्ञाशी त्यांचा जाहीर वाद झाला. टेबलांची पद्धत कागदावर छान, पण प्रत्यक्षात संथ चालेल, असा अनेकांचा आक्षेप होता. त्याला उत्तर दोन प्रकल्पांनी दिलं : आयबीएमचा सिस्टिम आर आणि बर्कलेचा इंग्रेस. सिस्टिम आरमधूनच आपली एसक्यूएल आली. गंमत म्हणजे ओरॅकलने १९७९ मध्येच एसक्यूएलवाला डेटाबेस बाजारात आणला आणि आयबीएमचा स्वतःचा आला १९८१ मध्ये! त्याच वर्षी कॉड यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

तरी ते समाधानी नव्हते. एसक्यूएलमध्ये एकच ओळ दोनदा येऊ शकते, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. पुढे जो तो विक्रेता आपल्या मालावर रिलेशनल असा शिक्का मारू लागला, तेव्हा १९८५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध बारा नियम मांडले. खरं तर ते तेरा आहेत, कारण मोजणी शून्यापासून सुरू होते. प्रोग्रॅमरच तो! १८ एप्रिल २००३ रोजी फ्लोरिडात त्यांचं निधन झालं.

मित्रहो, यातून आपण काय घ्यायचं? माहितीचा आकार आधी ठरवा, हत्यार नंतर. एकच माहिती वेगवेगळ्या बाजूंनी विचारली जाणार असेल, तर टेबलं हवीत. मग मायएसक्यूएल असो वा इंग्रेसच्याच घराण्यातला पोस्टग्रेस, पाया कॉड यांचाच. एखादा अख्खा दस्तऐवज जसा ठेवला तसाच वाचायचा असेल, तर मोंगोडीबीसारखं काही चालेल. भाषेचं म्हणाल, तर ग्रुपला जी येते ती घ्या.

आम्ही पीएचपी आणि मायएसक्यूएल घेतलं, कारण ग्रुपमधल्या दोघांना तेच येत होतं. सबमिशनला आठ दिवस उरले असताना मेसच्या काकांनी गेस्टच्या जेवणाचाही हिशेब मागितला. पोटात गोळा आला. पण एक टेबल आणि एक पान वाढवलं, रोल नंबरने जोडलं आणि भागलं. आधीच्या एकाही पानाला हात लावावा लागला नाही. त्या रात्री टपरीवरचा एक कटिंग आम्ही कॉडसाहेबांच्या नावाने प्यायलो.