बेब रूथ : न मारलेले चेंडू

बेब रूथ हे नाव आपल्यापैकी अनेकांच्या कानावरून गेले आहे ते त्याच्या उत्तुंग फटक्यांमुळे. ७१४ होमरन काही थोडे नव्हेत. आज आम्ही मात्र त्याने न मारलेल्या चेंडूंविषयी लिहिणार आहोत.

जॉर्ज हर्मन रूथचा जन्म ६ फेब्रुवारी १८९५ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात झाला. वडिलांचा दारूचा धंदा. पोरगा घरच्यांना आवरेना, म्हणून १९०२ साली, वयाच्या सातव्या वर्षी, त्याची रवानगी सेंट मेरीज औद्योगिक शाळेत झाली. झेवेरियन ब्रदर्स ही शाळा चालवीत. तेथे तो शर्ट शिवायला शिकला आणि धिप्पाड ब्रदर मथायस यांच्या देखरेखीखाली बेसबॉल खेळायला शिकला. या ब्रदरांना तो जन्मभर विसरला नाही. १९१९ साली शाळेला आग लागली, तेव्हा पुढच्या वर्षी शाळेच्या बँडला संघाबरोबर गावोगावी फिरवून त्याने मदतनिधी गोळा करायला हातभार लावला.

१९१४ साली तो व्यावसायिक खेळाडू झाला आणि १९२० साली न्यूयॉर्क यांकीज संघात आला. पैसा आला, कीर्ती आली आणि ताल सुटला. खाणे, पिणे, रात्रीची जागरणे! १९२२ साली तर त्याला अनेकदा निलंबित करण्यात आले. त्या वर्षीच्या अंतिम मालिकेत जायंट्सच्या गोलंदाजांनी त्याला खाली पडणारे, वळणारे चेंडू टाकून नाचवले. मालिकेत त्याचे अवघे दोन फटके लागले.

नोव्हेंबर महिन्यात एका मेजवानीत जिमी वॉकर या राजकारण्याने (हा पुढे न्यूयॉर्कचा महापौर झाला) सर्वांसमक्ष त्याची कानउघाडणी केली. ज्या गरीब मुलांनी तुला देव मानले, त्यांचा तू विश्वासघात केलास, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. भरसभेत रूथला रडू कोसळले. सुधारण्याचे वचन देऊन तो आपल्या शेतावर गेला आणि हिवाळाभर अंग मोडून कामाला लागला.

१९२३ च्या हंगामात तो १७० वेळा ‘वॉक’ घेऊन गेला. आपल्या क्रिकेटप्रेमी मंडळींसाठी सांगतो : फलंदाजाच्या आवाक्यातील ठरावीक चौकटीबाहेर चार चेंडू पडले आणि त्याने बॅट फिरवली नाही, तर त्याला पहिला बेस फुकट मिळतो. टाळ्या मात्र पडत नाहीत. गोलंदाज त्याला घाबरून मुद्दामच बाहेर टाकीत, असे कोणी म्हणेल. ते खरेच आहे. पण समोर आलेला चेंडू सोडून देणे हे अशा भुकेल्या माणसाला किती कठीण गेले असेल! त्याच वर्षी अंतिम मालिकेत पुन्हा जायंट्सशीच गाठ पडली. या वेळी त्याने आठ वॉक घेतले, तीन होमरन मारले आणि यांकीजना पहिले अजिंक्यपद मिळाले.

१७० चा हा विक्रम ७८ वर्षे टिकला. २००१ साली बॅरी बॉन्ड्सने १७७ वॉक घेऊन तो मोडला आणि २००४ साली स्वतःचा आकडा २३२ वर नेला.

रूथ काही संत झाला नाही. १९२५ साली तो पुन्हा घसरला, आजारी पडला, दंडही भरला. पण १९४६ साली कर्करोगाने इस्पितळात खिळल्यावर त्याने धर्मगुरूंना बोलावून घेतले, पापनिवेदन केले आणि ख्रिस्तप्रसाद स्वीकारला. १६ ऑगस्ट १९४८ रोजी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्याचे निधन झाले. त्याचा देह यांकी स्टेडियममध्ये अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आला होता आणि रांगेत बापांच्या खांद्यावर बसलेली लहान मुलेही होती. सेंट पॅट्रिक्स कॅथीड्रलमध्ये अंत्यविधीची मिस्सा झाली, तेव्हा बाहेर रस्त्यावर हजारो लोक पावसात उभे होते.