अंगणातली शाळा : पद्मभूषण ताराबाई मोडक

मूल दोन विटांची चूल मांडते, वाळूचा भात शिजवते, तो करवंटीत वाढते आणि बाहुलीला चार घास भरवून निजवते. घरातील वडीलधारी माणसे कौतुकाने पाहतात, हसतात आणि थोड्याच वेळात, आता खेळ पुरे, अभ्यासाला बसावे, असे त्याला बजावतात. खेळ वेगळा आणि अभ्यास वेगळा, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत आहे. ही समजूत मुळातच चुकीची असून, भातुकली मांडणारे मूल त्या क्षणी आयुष्यातील एक अत्यंत महत्त्वाचा अभ्यास करीत असते, हे महाराष्ट्राला ज्यांनी पन्नास वर्षांच्या अखंड सेवेने दाखवून दिले, त्या पद्मभूषण ताराबाई मोडक यांचे हे कृतज्ञ स्मरण.

जडणघडण

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. वडील सदाशिवराव केळकर आणि आई उमाबाई हे प्रार्थना समाजाच्या सुधारणावादी विचारांत वावरणारे दांपत्य. मुलीने शिकावे, स्वतंत्र विचार करावा, हे ज्या काळी फारच थोड्या घरांत मान्य होते, त्या काळी ताराबाईंना ते घरातच लाभले. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचा विवाह झाला आणि त्या अमरावतीस आल्या. पती कृष्णराव मोडक हे तेथील वकील. परंतु हा संसार फार काळ टिकला नाही. १९२१ साली विवाहसंबंध संपुष्टात आला. विभक्त स्त्रीकडे समाज कोणत्या नजरेने पाहत असे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. ताराबाईंनी त्या दुःखाचे भांडवल केले नाही. लहानग्या कन्येला घेऊन त्या राजकोटला गेल्या आणि तेथील बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्या झाल्या. पद मानाचे होते, पुढील आयुष्य सुखात गेले असते. परंतु नियतीने त्यांच्यासाठी दुसरीच वाट आखून ठेवली होती.

भावनगरची तपोभूमी

त्याच सौराष्ट्रात भावनगर येथे नानाभाई भट्ट यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत एक आगळा प्रयोग चालू होता. गिजुभाई बधेका या वकिलाने वकिली सोडून १९२० साली तेथे बालमंदिर सुरू केले होते. धाक नाही, छडी नाही, घोकंपट्टी नाही. मिशा असलेली आई या अर्थाच्या गुजराती नावाने लोक गिजुभाईंना ओळखत, यातच सारे आले. या प्रयोगाने ताराबाई भारावून गेल्या. १९२३ साली त्यांनी प्राचार्यपदाचा त्याग केला आणि भावनगर गाठले. पुढील सुमारे नऊ वर्षे त्यांनी गिजुभाईंच्या खांद्याला खांदा लावून काम केले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली, तीही या दोघांच्या प्रयत्नांतून.

बालमंदिराची बैठक मारिया मॉंटेसरी यांच्या पद्धतीची होती. मॉंटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत बालगृह उघडून लहान मुलांच्या शिक्षणाला शास्त्रीय अधिष्ठान दिले. मुलाला स्वातंत्र्य द्यावे, त्याच्या हाताला खरे काम द्यावे, ही त्यांची थोर शिकवण. मात्र कल्पित कथा आणि लुटुपुटीचा खेळ यांविषयी त्या साशंक होत्या. लहान मुलाला खरे आणि कल्पित यांतील भेद नीट कळत नाही, म्हणून त्याला आधी वास्तवाची ओळख व्हावी, असे त्यांचे मत होते.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी मॉंटेसरीबाईंचा आदर पूर्णपणे राखला, परंतु या एका बाबतीत ते स्वतःच्या अनुभवाने चालले. आजीच्या कुशीत गोष्ट ऐकत वाढलेल्या भारतीय मुलाच्या शाळेतून गोष्टच हद्दपार करणे त्यांना मान्य नव्हते. गिजुभाईंनी कथाकथनावर स्वतंत्र शास्त्रीय ग्रंथ लिहिला. बालमंदिरात गोष्ट, गाणे आणि नाट्यप्रवेश यांना मानाचे स्थान मिळाले. गोष्ट सांगायची ती आनंदासाठी. शेवटी तात्पर्याचे ओझे मुलाच्या डोक्यावर ठेवायचे नाही. नाटक करायचे तेही मुलांनीच. संवाद पाठ करून घ्यायचे नाहीत. गोष्ट मनात मुरली की बोलणे आपोआप ओठांवर येते, असा त्यांचा विश्वास होता.

खेळातील अभ्यास

या विश्वासामागील मर्म समजून घेण्यासारखे आहे. भोपळ्यात बसून लेकीच्या घरून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. हीच गोष्ट चार-पाच वर्षांची मुले करून दाखवतात, तेव्हा काय घडते? एक मूल म्हातारी होते, एक वाघ होते, एक कोल्हा होते. आधी कोण भेटले आणि नंतर कोण, हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो. वाघ झालेल्या मुलाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि म्हातारी समोर आली तरी तिला खरोखर ओरबाडायचे नसते. एरवी एका जागी क्षणभरही न बसणारे मूल खेळाच्या नियमासाठी स्वतःला आवरते. स्मरण, भाषा, संयम आणि दुसऱ्याच्या मनात शिरून पाहण्याची शक्ती, या चारही गोष्टींचा सराव एकाच खेळात होतो.

रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी १९३३ साली आपल्या व्याख्यानात याच विषयाची सखोल मीमांसा केली. काठीला घोडा मानणारे मूल वस्तू आणि तिचा अर्थ यांना एकमेकांपासून वेगळे करण्यास शिकते, असे त्यांनी दाखवून दिले. विचार केला तर अक्षर तरी दुसरे काय आहे? कागदावरील एक रेघोटी आणि तिच्याबद्दल मानलेला एक ध्वनी. ज्याने दगडाला भाकरी मानले, त्याला पुढे त्या रेघोटीला ध्वनी मानणे सोपे जाते. पुढे अमेरिकेत शिकागो येथील शिक्षिका व्हिव्हियन पॅली यांनी मुलांनी सांगितलेल्या गोष्टी लिहून घेऊन त्या मुलांकडूनच वर्गात करवून घेण्याची पद्धत रूढ केली आणि ती जगभर नावाजली गेली. त्याच्या कितीतरी आधी गोष्ट आणि नाट्य यांचा हा मेळ भावनगरच्या बालमंदिरात घातला गेला होता, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी बाब आहे.

शहराकडून खेड्याकडे

१९३२ च्या सुमारास ताराबाई महाराष्ट्रात परतल्या. १९३३ साली त्यांनी शिक्षणपत्रिका हे मासिक मराठीतून सुरू केले आणि बालशिक्षणाचा विचार मराठी घरांपर्यंत नेला. १९३६ साली मुंबईत दादर येथे शिशुविहार ही संस्था उभी राहिली. तेथे बालमंदिराबरोबरच शिक्षिका तयार करण्याचेही काम होऊ लागले. ‘बालकांचा हट्ट’, ‘नदीची गोष्ट’ अशी त्यांची पुस्तके पालकांच्या आणि बालकांच्या हाती आली. १९३९ साली गिजुभाईंचे निधन झाले आणि चळवळीची धुरा ताराबाईंच्या खांद्यावर आली.

संस्था नावारूपास आली होती. परंतु ताराबाईंच्या मनाला एक टोचणी लागून राहिली होती. महागडी साधने, शहरातील वर्ग, सुखवस्तू घरांतील मुले. हे शिक्षण यांच्यापुरतेच राहणार काय? ज्या मुलाच्या घरी दोन वेळची भाकरी नाही, त्याने मॉंटेसरीचे मनोरे कोठून आणावेत? महात्मा गांधींनीही १९४५ साली नयी तालीमचा विस्तार करताना सात वर्षांखालील मुलांच्या पूर्वबुनियादी शिक्षणाचा त्यात समावेश केला होता. त्याच वर्षाच्या अखेरीस, वयाच्या ५४ व्या वर्षी, ताराबाईंनी मुंबईतील जमलेला व्याप मागे ठेवला आणि तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. या कार्यात त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. बालवयात वैधव्य आलेल्या, शिक्षणाच्या बळावर उभ्या राहिलेल्या अनुताई पुढे आयुष्यभर ताराबाईंच्या सावलीसारख्या राहिल्या.

अंगणवाडीचा जन्म

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, परंतु ज्यांच्यासाठी ती काढली तीच मुले येईनात. हरिजन वस्तीतील आई-बाप पहाटेच कामाला जात. मुलांना आंघोळ कोणी घालावी, केस कोणी विंचरावेत, शाळेत कोणी पोचवावे? मुले येत नाहीत म्हणून पालकांना दोष देऊन मोकळे होणे सोपे होते. ताराबाईंनी उलट विचार केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या, अंगण झाडू लागल्या, मुलांचे हात-पाय धुऊ लागल्या, नखे कापू लागल्या आणि तेथेच गाणी, गोष्टी, खेळ सुरू झाले. अंगणात भरणारी ती अंगणवाडी. हा शब्द आज आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की त्यामागील झाडू मारणारे हात आपल्या ध्यानात येत नाहीत.

साधनांचा प्रश्नही तेथेच सुटला. शंख-शिंपले, चिंचोके, बिया, पाने, बांबू आणि माती हेच शैक्षणिक साहित्य झाले. चिंचोके मोजता येतात, त्यांची रांगोळी मांडता येते आणि खेळातल्या दुकानात ते नाणी म्हणूनही चालतात. मुलाची कल्पनाशक्ती हे साधन तर प्रत्येक झोपडीत फुकटच उपलब्ध होते.

१९५७ च्या सुमारास हे कार्य जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींमध्ये गेले. तेथील मुले गुरे राखत. म्हणून गुरे चरतात त्या कुरणातच शाळा भरवली गेली. तिला कुरणशाळा म्हणत. थोरल्या बहिणींना धाकटी भावंडे सांभाळावी लागत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडीचा प्रयोग झाला. पुस्तकातील प्रमाण मराठी ही वारली मुलांच्या घरातील बोली नव्हती. अशा मुलाला पहिल्याच दिवशी पाटीपुढे बसवले तर ते मुके होते. खेळात घेतले तर ते बोलू लागते.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण किताबाने गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांची जीवनज्योत मालवली. अनुताईंनी १९९२ साली अखेरचा श्वास घेईपर्यंत कोसबाडचे कार्य चालविले.

आपल्या दारी आलेला वारसा

बोर्डीत पहिली अंगणवाडी भरत होती, तेव्हा आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीत होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला आणि १९५६ साली मुंबई राज्यात आला. त्यामुळे बालशिक्षणाचे हे वारे आपल्याकडे उशिरानेच पोचले. ताराबाईंच्या निधनानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाने देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी हेच. आज नांदेड आणि लातूर जिल्ह्यांच्या गावोगावी, तांड्यातांड्यांवर जी अंगणवाडी भरते, तिचे मूळ बोर्डीच्या त्या झाडलेल्या अंगणात आहे.

कोसबाडचा प्रश्न आपल्यालाही परका नाही. किनवटच्या डोंगराळ भागातील गोंड आणि कोलाम मूल, बंजारा तांड्यावरील मूल, देगलूरकडील घरी तेलुगू बोलणारे मूल किंवा उदगीर-निलंग्याच्या सीमेवरील कन्नड घरातले मूल अंगणवाडीच्या दारात उभे राहते, तेव्हा त्याला आत घेणारा सर्वांत सोपा हात खेळाचाच असतो. पोळ्याला मातीचे बैल आणि संक्रांतीला बोळकी हाती येणाऱ्या आपल्या मुलांना साधनांची वाण कधीच नव्हती.

दुसरीकडे, लातूर पॅटर्नने या भूमीला देशभर कीर्ती मिळवून दिली. कष्टाळू विद्यार्थी आणि निष्ठावान शिक्षक यांचे ते श्रेय आहे. परंतु परीक्षेची ती चुरस हळूहळू खाली उतरत तीन वर्षांच्या बालकापर्यंत पोचली, ही चिंतेची गोष्ट होय. ज्याची बोटे अजून पेन्सिल धरण्यास तयार नाहीत, त्याच्या वहीत ओळीच्या ओळी गिरवून घेतल्या जातात आणि त्या वहीवरून शाळेची पारख केली जाते. बारावीला जी एकाग्रता, जे आकलन, जी चिकाटी हवी असते, तिचे बीज चौथ्या वर्षी गोष्ट ऐकताना आणि वाघ होऊन आपल्या पाळीची वाट पाहताना रुजते. हे बीज रुजण्याआधीच पिकाची घाई केली तर हानी मुलाचीच होते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयोगटासाठी खेळाधारित शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. ताराबाईंनी कितीतरी आधी आचरणात आणलेली गोष्ट अशा रीतीने आता धोरणात उतरली आहे.

ताराबाईंचे खरे स्मारक त्यांच्या पुतळ्यात नाही. आपल्या घरातील, आपल्या संस्थेतील, आपल्या गल्लीतील एखादे मूल वाळूचा भात वाढून समोर ठेवील, तेव्हा क्षणभर हातातील काम बाजूला सारून त्याच्या पंगतीला बसावे, भात कसा झाला ते सांगावे आणि रात्री त्याला एक गोष्ट सांगावी. या थोर बालसेविकेला याहून मोठी आदरांजली दुसरी कोणती असणार!