मेसचं मटण आणि जॉर्ज हेवेसी

सोमवारची भाजी मंगळवारी कटलेट होऊन येते, हा संशय हॉस्टेलच्या प्रत्येक पिढीला असतो. तो प्रयोगाने सिद्ध करणारा पठ्ठ्या म्हणजे जॉर्ज हेवेसी. बुडापेस्टला १८८५ साली जन्मलेला हा श्रीमंत घरचा मुलगा १९११ मध्ये मँचेस्टरला रदरफर्डसाहेबांच्या लॅबमध्ये आला. राहणं-जेवण एका घरमालकीणबाईंकडे. रोज ताजं करते, असं बाईंचं म्हणणं. याने ताटात उरलेल्या मटणात किरणोत्सारी पदार्थाचा कण टाकला (मित्रांनो, आपल्या मेसमध्ये हे करू नका!) आणि काही दिवसांनी वाढलेल्या पदार्थाजवळ इलेक्ट्रोस्कोप धरला. बाई सापडल्या!

लॅबमध्ये मात्र गाडी अडली होती. शिशातून रेडियम-डी वेगळं काढ, असं साहेबांनी सांगितलेलं. काही केल्या निघेना. निघणार कसं? रेडियम-डी म्हणजे शिसंच, शिसं-२१०. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोघं सारखेच. दुसऱ्या कुणी विषय बदलून घेतला असता. हेवेसीने उलटा विचार केला. वेगळं होत नाही ना, मग मुद्दाम मिसळू. साधं शिसं जिथे जाईल तिथे हे जाईल आणि किरणांनी पत्ता सांगेल. १९१३ साली व्हिएन्नात पॅनेथबरोबर ही युक्ती त्याने वापरून दाखवली. ट्रेसर जन्मला तो असा.

१९२३ मध्ये कोपनहेगनला त्याने वालवर्गीय रोपांत शिशाचा माग काढला, १९२४ मध्ये सशांच्या शरीरात बिस्मथचा. मधल्या काळात कॉस्टरबरोबर हाफ्नियम हे मूलद्रव्यही शोधलं! १९३५ मध्ये उंदरांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला, तेव्हा कळलं की हाडं दगडासारखी स्थिर नसतात, सतत नवी होत असतात.

१९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या. बोरच्या संस्थेत लाउए आणि फ्रांक यांची सोन्याची नोबेल पदकं ठेवलेली होती. त्यांवर नावं कोरलेली. सापडली असती तर लाउएची धडगत नव्हती. हेवेसीने ती आम्लराजात विरघळवली आणि बाटली फळीवर ठेवून दिली. युद्धानंतर बाटली जशीच्या तशी मिळाली, सोनं परत काढून पदकं पुन्हा घडवली गेली. तो स्वतः ज्यू वंशाचा, १९४३ मध्ये स्वीडनला निसटला. त्याच सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

आज बोन स्कॅनला टेक्नेशियम-९९एम हा धातू फॉस्फेटच्या जातीच्या रेणूवर बसवून टोचतात. हाड जिथे जास्त घडतंय तिथे तो जमतो, आणि कॅन्सर हाडात पसरलाय का ते दिसतं. सहा तासांत त्याची निम्मी धग संपते. ल्युटेशियम-१७७ तर गाठीपर्यंत पोचून बीटा किरणांनी तिथल्या पेशी मारतो.

हेवेसी १९६६ साली फ्रायबुर्गला वारला. त्याआधी तीनच वर्षं, १९६३ मध्ये, आपल्या परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर सुरू झालं होतं.