पाठ: चाळिशीत नवी भाषा शिकणारी मारी

मराठी शिकताना तुम्हाला कधी वाटतं का, की आपल्याला उशीर झाला? मग ही गोष्ट वाचा. ती तुमच्याच कॅनडातली आहे, जवळजवळ चारशे वर्षांपूर्वीची.

मारी गुयार हिचा जन्म १५९९ साली फ्रान्समधल्या तूर शहरात झाला. तिच्या वडिलांची बेकरी होती. त्या काळात युरोपात ख्रिस्ती धर्मात मोठी उलथापालथ चालू होती. मार्टिन ल्यूथर आणि इतर सुधारकांनी चर्चच्या चुका दाखवल्या, आणि प्रोटेस्टंट पंथ वेगळे झाले. मग कॅथलिक चर्चनेही स्वतःमध्ये सुधारणा सुरू केल्या. धर्मगुरूंना नीट शिक्षण मिळू लागलं, नव्या शाळा निघाल्या. उर्सुलाइन पंथाच्या नन मुलींना शिकवू लागल्या.

मारीचं लग्न लवकर झालं. मुलगा क्लोद फक्त सहा महिन्यांचा असताना नवरा वारला. मारी तेव्हा जेमतेम वीस वर्षांची होती. ती बहिणीच्या घरी राहिली आणि मेव्हण्यांचा मालवाहतुकीचा धंदा सांभाळू लागली. पण मनात एकच ओढ होती: नन व्हायचं. १६३१ साली ती मठात गेली. क्लोद तेव्हा अकरा वर्षांचा होता. तो शाळेतल्या मित्रांना घेऊन मठाच्या दाराशी आला आणि आई परत द्या म्हणून ओरडू लागला. आतून मारीला सगळं ऐकू येत होतं. तरी ती बाहेर आली नाही. तिने बरोबर केलं का? तुम्हाला काय वाटतं?

१६३९ साली मारी जहाजाने कॅनडाला निघाली. प्रवासाला जवळजवळ तीन महिने लागले. क्वेबेक तेव्हा अगदी लहान वस्ती होती. तिथे तिने मुलींची शाळा काढली. फ्रेंच मुली होत्या, तशाच इनू, अल्गाँक्विन आणि ह्युरॉन-वेंडॅट मुलीही होत्या. लवकरच देवीची साथ आली. छोट्याशा घराचं इस्पितळ झालं.

या मुलींशी बोलायचं कसं? मारी चाळीस वर्षांची होत आली होती. डोकं दुखायचं, शब्द लक्षात राहायचे नाहीत. पण तिने सोडलं नाही. ती एकामागून एक भाषा शिकली. पुढे तिने अल्गाँक्विन आणि इरोक्वा भाषांचे शब्दकोश तयार केले, आणि म्हातारपणी तरुण ननना या भाषा शिकवल्या.

असंच काम तुमच्या मराठीतही झालं आहे. इंग्लंडमध्ये जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी दहा हजारांहून जास्त ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ लिहिलं. ते १६१६ साली छापलं गेलं.

१६५० च्या डिसेंबरमध्ये मठाला आग लागली. थंडीत मळलेलं पीठ गोठू नये म्हणून एका ननने जवळ निखारे ठेवले होते, आणि ती ते विसरली. सगळ्या जणी बर्फात उभ्या राहिल्या. जीव वाचले, मठ जळाला. मारीने तो पुन्हा उभा केला.

आता दुसरी बाजूही बघा. मारीला या मुलींना ख्रिस्ती करायचं होतं, फ्रेंच पद्धतीने वागायला शिकवायचं होतं. पण मुलींना घरची आठवण यायची. काही जणी कुंपणावर चढून रानात पळून जायच्या. काहींना आईवडील परत न्यायचे. जवळजवळ तीस वर्षांनंतर मारीने पत्रात मोकळेपणाने मान्य केलं, की या मुली फ्रेंच होत नाहीत.

तिचं हे म्हणणं पुढे लोक विसरले. दोनशे वर्षांनी कॅनडात निवासी शाळा आल्या. तिथे मुलांना घरापासून तोडलं आणि घरची भाषा बोलली तर शिक्षा केली. ३० सप्टेंबरला तुम्ही शाळेत नारिंगी शर्ट घालता, तो त्या मुलांसाठीच.

मारी १६७२ साली क्वेबेकमध्येच वारली. क्लोद मोठा होऊन स्वतः धर्मगुरू झाला. कॅनडाला निघाल्यानंतर मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. फक्त पत्रं जहाजातून जात-येत राहिली. आईचं चरित्र त्यानेच छापलं. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनी तिला संत म्हणून जाहीर केलं. तिची शाळा क्वेबेकमध्ये आजही चालू आहे.

शब्दार्थ
उलथापालथ – मोठे बदल, गोंधळ
ओढ – मनापासून वाटणारी इच्छा
देवी – अंगावर फोड येणारा एक जुना साथीचा रोग
निखारे – जळते कोळसे
ओवी – मराठी कवितेचा एक जुना प्रकार

प्रश्न
१. क्लोद मठाच्या दाराशी का आला?
२. मारीने नव्या भाषा का शिकल्या?
३. मुली शाळेतून का पळून जायच्या?
४. भाषा शिकणं आणि दुसऱ्याची भाषा बंद करणं यात काय फरक आहे? घरी आजी-आजोबांशी बोला आणि पाच वाक्यं लिहा.