विणकाम खात्याचे बंद दार आणि बाबासाहेब

जयंतीला आपण चवदार तळे सांगतो, काळाराम मंदिर सांगतो, संविधान सांगतो. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब मात्र बॅनरवरच्या पदव्यांपुरतेच उरतात. घाटनांदूरसारख्या गावातल्या तरुणांना आज त्यांचीच जास्त गरज आहे, असे आम्हाला वाटते.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले बाबासाहेब १९१७ साली परदेशातून शिकून परतले. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा कोणी देईना. मुंबईत त्यांनी शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला. जात कळताच गिऱ्हाईक थांबले आणि व्यवसाय बंद पडला. पदवी असली तरी बाजार जात विचारतो, हे त्यांनी स्वतः भोगले. १९१८ साली भारतातील लहान शेतजमिनींवर निबंध लिहून त्यांनी सांगितले, की शेतीवरच्या जादा माणसांना उद्योगात काम मिळाल्याशिवाय शेतीचा प्रश्न सुटणार नाही.

पण उद्योगातही दार बंदच होते. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी जास्त होती. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. विटाळाचे कारण पुढे करून अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत. त्यांच्या वाट्याला कमी मजुरीची खाती येत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला आणि नाखुशीने का होईना, त्यांना तो मागण्यांत घ्यावा लागला.

१९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापला. १९३७ साली खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी संपाचा हक्क आवळणाऱ्या कायद्याविरुद्ध कामगारांचा मोठा संप झाला, त्याच्या आघाडीवर ते होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामाचे तास, वीज आणि पाणी हे विषय त्यांनी हाताळले. आपल्या मुलांना विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी सरकारने पैसा द्यावा, ही मागणी त्यांनी १९४२ सालीच लेखी केली. १९५० साली औरंगाबादेत महाविद्यालय काढून त्यांनी मराठवाड्यातल्या आपल्या मुलांना उच्च शिक्षणाची वाट खुली केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आज बीड जिल्ह्यातून हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. फडात आता ऊस तोडणारे यंत्र आले आहे. ते यंत्र कोणाच्या मालकीचे, चालवायला कोण शिकले आणि कोयता कोणाच्या हातातून गेला? विणकाम खात्याचा प्रश्न हाच होता. हातात मोबाईल आला म्हणून तंत्रज्ञान आपले झाले, असे समजू नका. आयटीआयचा प्रवेश, बँकेचे कर्ज, दुकानाचा परवाना, बाजार समितीतला गाळा, या प्रत्येक ठिकाणी आपली किती नावे आहेत, हे या जयंतीला गावागावात मोजून काढू या.

जय भीम!