चामड्याच्या टिकलीने क्यू बदलणारा कैदी : कॅप्टन फ्रांस्वा मिंगो

स्नूकरचा क्यू स्वतःच्या हाताने घडवू पाहणारा नवशिका आपले बहुतेक श्रम लाकडावर खर्च करतो. सरळ रेषांची, चांगली वाळलेली ॲश लाकडाची पट्टी निवडावी लागते. प्रथम चौकोनी, मग कोपरे रंध्याने उतरवून आठ बाजूंची, पुढे सोळा बाजूंची आणि अखेरीस गोल काठी तयार होते. साधारण १४५ सेंटिमीटर लांबीची ही काठी मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी निमुळती व्हावी लागते. रंध्याचा एक हात जास्त पडला की तेथे खळगा पडतो आणि काढलेले लाकूड परत बसवता येत नाही. मुठीसाठी आबनूस किंवा शिसवी जोडतात. म्हैसूरच्या कारागिरांनी जडावकामातून ज्या शिसवीला नाव मिळवून दिले, तेच हे लाकूड.

सर्वात शेवटी टोकाच्या पितळी कड्यावर नऊ-दहा मिलिमीटर व्यासाची चामड्याची टिकली चिकटवली जाते. काम काही मिनिटांचे. पण तिच्यावाचून इतक्या मेहनतीचा क्यू निव्वळ काठीच ठरतो. या टिकलीचे श्रेय फ्रेंच सैन्यातील अधिकारी कॅप्टन फ्रांस्वा मिंगो यांना दिले जाते.

मिंगो यांचा जन्म १७७१ साली दक्षिण फ्रान्समधील ल कैलार या गावी झाला. राज्यक्रांती आणि त्यानंतरच्या युद्धांचा तो काळ होता. राजकीय कारणावरून त्यांना पॅरिसमध्ये कारावास भोगावा लागला. अनेक पुस्तकांत हा तुरुंग बास्तिय असल्याचे छापलेले आढळते. मात्र बास्तियचा पाडाव १७८९ मध्येच झाला व लगेच ती इमारत पाडण्यात आली, हे लक्षात घेता ही माहिती स्वीकारता येत नाही. बिसेत्र येथील तुरुंगाचा उल्लेख अधिक विश्वसनीय वाटतो.

तुरुंगात त्यांना बिलियर्ड्सचे टेबल उपलब्ध होते. त्या काळी क्यूचे टोक उघड्या लाकडाचे असे. चेंडूच्या मध्यावर फटका बसला तर ठीक. जरा बाजूला लागला की कठीण लाकूड हस्तिदंती चेंडूवरून घसरत असे. त्यामुळे चेंडूला फिरकी देणे जवळजवळ अशक्य होते. मिंगो यांनी टोक किंचित गोलाकार करून त्यावर चामडे बसवले. घोड्याच्या जुन्या साजाचे चामडे त्यासाठी वापरल्याचे सांगितले जाते. चामडे क्षणभर चेंडूला धरून ठेवते. तेवढ्यावर चेंडू डावी-उजवीकडे वळू लागला. दुसऱ्या चेंडूला धडकून मागेही परतू लागला.

शिक्षा संपत आल्यावर अभ्यास पूर्ण करण्यासाठी त्यांनी तुरुंगातील मुक्काम वाढवून मागितला, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानावी असे वाटत नाही. राजकीय कैदी सुटकेची वाट पाहतो. टेबल कितीही प्रिय असले तरी.

१८०७ च्या सुमारास मिंगो बाहेर आले आणि पॅरिसच्या कॅफेंमधून त्यांनी हे फटके करून दाखवले. क्यू जवळजवळ उभा धरून वरून मारलेल्या फटक्याने चेंडू वक्र मार्गाने जाताना पाहून प्रेक्षक अवाक् होत. गमावलेल्या लष्करी कारकिर्दीच्या जागी त्यांना ही नवी ओळख मिळाली. १८२७ मध्ये त्यांनी या फटक्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. लंडनमधील टेबलनिर्माते जॉन थर्स्टन यांनी १८३० मध्ये ते इंग्रजीत आणले. परक्या भाषेत या खेळाचे वर्णन उतरवणे सोपे नसावे; चेंडूची फिरकी शब्दांत पकडणे हे भाषांतरकाराचीही परीक्षा पाहणारे काम आहे.

मिंगो यांची अखेरची वर्षे हॉलंडमधील रॉटरडॅम शहरात गेली. तेथेच १८४७ साली त्यांचे निधन झाले. त्यावेळी स्नूकर हा खेळ अस्तित्वातही नव्हता.

त्यांच्या निधनानंतर २८ वर्षांनी, १८७५ मध्ये, जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने रंगीत चेंडूंचा नवा खेळ सुरू केला, असे मानले जाते. 'स्नूकर' हा शब्द लष्करी विद्यालयातील नवख्या विद्यार्थ्यासाठी वापरला जाई. पुढे म्हैसूरच्या दक्षिणेस निलगिरीतील उटीच्या क्लबमध्ये या खेळाचे नियम लिहिले गेले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जागतिक विजेतेपद मिळवले, तेव्हा त्यांच्याही क्यूच्या टोकावर तीच चामड्याची टिकली होती.